अक्कांनी कापलेल्या गाठी

मला मदत केली ती येमूल अक्कांनी. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात अक्का एकदाही गोड बोललेल्या सापडायच्या नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई हिला छळत होती. छळतही होत्या. पण मदत त्यांनीच केली. गोड बोलणाऱ्यांनी काय केलं तेही पुढं येईल.

कुणीही कागद पुढं केला की अक्का तो चिमटीत, एका कोपऱ्याला धरून उचलायच्या. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर नेतात तसा. दोरीला लटकणारा चष्मा डोळ्यांवर चढवायच्या, कागद हातभर लांब धरायच्या, नाक मुरडायच्या आणि विचारायच्या, "हे कुणी प्रसवलं?"

ज्यानं लिहिलं असेल त्यानं उभं राहून "मी" म्हणायचं, अशी रीत होती. आमच्याकडचे विमान शिकवणारे कॅप्टन, जे आकाशात तासन्‌तास एकटे असायचे म्हणून सांगायचे, तेसुद्धा अक्कांपुढं "मी" म्हणताना बूट बघायचे.

सोलापुरात होटगी रस्त्याच्या अंगाला वैमानिक घडवणारी एक खाजगी शाळा होती. पाच छोटी विमानं, एक पत्र्याचं हँगर, एक कचेरी. मालक माळशिरसकडचे. ऊस, ट्रक, मंगल कार्यालय असं सगळं करून झाल्यावर त्यांना विमानाची हौस आली. हँगरला ते गोठा म्हणायचे. "गोठ्यात किती हायत आज?" असं फोनवर विचारायचे. पांढरे बूट घालून महिन्यातून दोनदा यायचे, पंख्याजवळ फोटो काढायचे आणि जायचे. विमानाबद्दल त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, आणि मी तिथं सीटची कव्हरं शिवायला होते.

अक्कांचं काम निराळं. विमानाला कुणी नुसता एक स्क्रू लावला तरी तो कुणी लावला, कुठल्या कागदाच्या आधारानं लावला, हे तपासून त्या सही करायच्या. ती सही नसेल तर विमान उडायचं नाही. जन्म सोलापूरचाच, साखर पेठेतल्या विणकराच्या घरातला. घरी तेलुगू. विमानाची वीज आणि रेडिओ हा विषय त्या शिकल्या आणि मुंबईत एका मोठ्या कंपनीत तीस वर्षं राबल्या. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या. उंची माझ्या खांद्याएवढी. आवाज कडक भाकरी मोडल्यासारखा.

मी पवनीची, भंडारा जिल्ह्यातली. आठवी झाली आणि नववीत नाव कमी झालं. नवरा मागाचा मिस्त्री. सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात त्याला काम मिळालं म्हणून दोन मुली घेऊन आम्ही इकडं आलो. भाड्याची खोली कुंभारीच्या रस्त्याला. मी टॉवेलच्या दशांना गाठी मारायचं काम घरी आणायची. पुढं कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागला, तेव्हा कुणीतरी सांगितलं, विमानाच्या शाळेत शिलाईवाली बाई पाहिजे. मी पहिल्या दिवशी गेले ती फाटकाशीच थांबले. वाटलं, विमानात एखादा टाका चुकला आणि ते पडलं तर?

पहिलं कव्हर शिवून झालं तर अक्कांनी ते घेतलं आणि उलटं केलं. सुलट बाजू बघितलीच नाही.

"उलटी बाजू कुणी शिवली?"

"मीच जी."

"जी काय जी? कुठली तू?"

"पवनीची जी."

"सुलटी बाजू सगळेच बरी शिवतात, पवनी. लोकांना दिसते ना." एवढं म्हणून त्यांनी मेणाच्या दोऱ्याचं रीळ आणि तारांची एक जुडी माझ्या मांडीवर टाकली. "ह्या बांध. गाठ सरकली तर हात तोडीन. तार दाबली गेली तरी तोडीन."

विमान सारखं थरथरतं. आतल्या तारा सुट्या राहिल्या तर एकमेकींवर घासून उघड्या पडतात. म्हणून त्यांची जुडी करून चार-चार बोटांवर दोऱ्याची गाठ मारायची असते. प्लास्टिकच्या पट्ट्याही मिळतात, अक्का त्यांना "आळशांची वेणी" म्हणायच्या. पवनीतही घरोघरी माग, कापडाच्या दशा मी पंधराव्या वर्षापासून बांधत होते. त्या दिवशी मी बांधलेली जुडी अक्कांनी ओढली, पिळली, आपटली आणि परत दिली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडं शिलाईबरोबर तारांचंही काम आलं. आणि माझं नाव पवनी झालं. छाया हे नाव फक्त हजेरीत राहिलं.

आता त्या यंत्राबद्दल. मालकांनी एके दिवशी एक खोकं आणलं. त्यात जीपीएस होतं, विमान कुठं आहे ते पडद्यावर दाखवणारं. तिसऱ्या नंबरच्या विमानात ते बसवायचं होतं. ते विमान तीस वर्षांचं, पण धडधाकट.

"दोन दिवसांत बसवून टाका की," मालक म्हणाले.

"परवानगी लागते," अक्का म्हणाल्या.

"कशाची परवानगी? माझ्या ट्रॅक्टरला सुदिक हाय ते. ह्या मोबाइलमधी हाय. रस्ता दावतंय, दुसरं काय करतंय?"

"मालक, तुमचा ट्रॅक्टर चुकला तर उसात शिरतो. विमान चुकलं तर ऊस कुणाचा होता ते सांगायला कुणी उरत नाही."

मालक हसले. त्यांना वाटलं अक्कांनी विनोद केला.

परवानगी म्हणजे काय ते मला त्या आठ महिन्यांत कळलं. हे यंत्र याच जातीच्या विमानात चालतं, असा मंजूर कागद लागतो. छतावर अँटेनासाठी भोक कुठं पाडायचं आणि त्याभोवती पत्रा दुहेरी कसा करायचा, त्याचा नकाशा लागतो. विमानाच्या जनित्राला जास्तीची वीज झेपते का, वजन किती वाढलं आणि कुठं वाढलं, वैमानिकाच्या पुस्तकात कुठलं नवं पान घालायचं, हे सगळं लिहून मुंबईच्या सरकारी कचेरीत पाठवायचं. तिथून दोनदा फाईल परत आली. दोन्ही वेळा कॅप्टननी भरलेल्या पानांमुळं. एकदा तर त्यांनी अँटेनाचं अंतर पंख्याच्या टोकापासून मोजलं होतं, नकाशात ते इंजिनामागच्या भिंतीपासून होतं.

"टेक्निकॅलिटी आहे हो, मॅडम," कॅप्टन म्हणाले. "भोक पडायचं तिथंच पडणार ना."

"तुमचं लग्न झालंय का?" अक्कांनी विचारलं.

"हो. का?"

"बायकोला पत्ता सांगताना शेजाऱ्याच्या घरापासून मोजून सांगता का?"

कॅप्टन गोरे, उंच, नेहमी गॉगल लावलेले. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. मला ते "छायाताई, डोन्ट वरी" म्हणायचे. अख्ख्या हँगरमध्ये मला छायाताई म्हणणारा एवढा एकच माणूस. तेव्हा मला त्यांचं फार अप्रूप वाटायचं. आता वाटतं, ज्याला स्वतःला कशाचीच वरी नाही तोच दुसऱ्याला इतक्या सहज डोन्ट वरी म्हणतो.

मिळाली ती परवानगीसुद्धा अर्धीच होती. डोळ्यांनी जमीन दिसत असताना मदतीला म्हणून हे यंत्र बघायचं. ढगात शिरून एकट्या त्याच्या भरवशावर जायचं नाही. तशी एक पट्टी यंत्राशेजारी चिकटवायची होती. कॅप्टनना ती पट्टी कुरूप दिसायची. अक्कांनी ती स्वतः अंगठ्यानं दाबून बसवली आणि म्हणाल्या, "कुरूपच पाहिजे. सुंदर गोष्टी कुणी वाचत नाही."

मधल्या काळात विमान हँगरमध्येच उभं होतं, आणि मधल्या काळातच दसरा आला. खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली. अक्का त्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात होत्या. मालकांनी प्रत्येक विमानासाठी काही ना काही आणलं होतं, आणि तिसऱ्यासाठी गाडीत पुढं ठेवतात तसा छोटा गणपती. बुडाला चुंबक असलेला. "माझ्या सगळ्या ट्रकांत ह्योच हाय," म्हणाले, "आजवर एकबी पलटी न्हाय." काचेखाली, सगळ्या घड्याळांच्या वर, मी शिवलेल्या काळ्या कापडाचा कट्टा होता. तिथं तो ठेवायचा होता. त्याच्याबरोबर आलेली चिकटपट्टी सोलापूरच्या उन्हात तासाभरात सुटली. गणपती घसरला.

"छायाताई, तुम्ही काहीतरी करा ना," कॅप्टन म्हणाले.

मी केलं. नवऱ्यानं घरी मोडक्या स्पीकरचा चुंबक ठेवला होता, काळा, गोल, जबर ओढीचा. तो आणला, कापडाच्या आत खिसा करून शिवून टाकला आणि वर गणपती ठेवला. खट्‌कन बसला. कापड हलवलं तरी हलला नाही. कॅप्टननी टाळी दिली. मालक म्हणाले, "बाई हुशार हाय." मी घरी जाऊन मुलींनासुद्धा सांगितलं की मी विमानात देव बसवला.

अक्कांनी दुसऱ्या दिवशी मूर्ती पाहिली. "फुलं, हळद, कुंकू, आता हे," असं पुटपुटल्या, "मुंबईच्या साहेबांच्या तपासणीआधी सगळं निघालं पाहिजे." तपासणीच्या दोन दिवस आधी मी तो गणपती काढला आणि माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवला. चुंबक आतच राहिला. विसरले असं नाही. चुंबकाचं आणि दिशा दाखवणाऱ्या यंत्राचं काही वैर असतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आठवीपर्यंतच्या पुस्तकात चुंबक होता, पण तो घोड्याच्या नालेसारखा, लाल रंगाचा. माझा काळा होता, गोल होता आणि घरचा होता.

सगळ्यात शेवटचं काम म्हणजे होकायंत्राची परीक्षा. विमानात नवीन काही बसवलं की जुनं होकायंत्र अजून खरं बोलतं का ते बघावं लागतं. पत्र्याच्या हँगरपासून लांब, मोकळ्या जागी, जमिनीवर पांढरा मोठा गोल आखलेला असतो. विमान त्यावर उभं करून एकेका दिशेकडं तोंड करायचं. होकायंत्र किती चुकतं ते एका छोट्या कार्डावर लिहायचं आणि ते कार्ड वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लावायचं. कागदावरची परवानगी मिळाली होती, आता विमान बघून शेवटची सही करायला मुंबईचे साहेब सकाळी येणार होते. आदल्या दुपारी आम्ही विमान बाहेर ओढलं. मालकही आले होते, उद्याच्या हाराची व्यवस्था बघायला.

विमानाचं नाक उत्तरेला आलं. अक्का पुढं हातात दुसरं होकायंत्र घेऊन उभ्या. कॅप्टन आत.

"काय दाखवतंय?" अक्कांनी विचारलं.

"तीनशे चाळीस."

"नीट वाचा."

"तीनशे चाळीसच."

उत्तरेला तीनशे साठ यायला हवं होतं, म्हणजे वीस अंशांची चूक. पूर्वेला निराळी, दक्षिणेला आणखी निराळी. अक्कांनी विमान परत फिरवायला लावलं. तेच.

"खिसे रिकामे करा," त्या म्हणाल्या. "किल्ल्या, मोबाइल, पिना, लोखंड, चुंबक, असेल ते सगळं लांब ठेवा." मालकांच्या खिशातून किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा निघाला की अक्कांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मी साडीच्या पिनासुद्धा काढल्या. आणि पिना काढता काढता, त्यांच्या तोंडचा 'चुंबक' हा शब्द ऐकून माझी नजर काचेमागच्या माझ्या कापडाकडं गेली.

तिसऱ्यांदाही तेच आलं.

"मॅडम," कॅप्टन खाली उतरून म्हणाले, "जुनं कार्ड आहे ना? तेच राहू दे. आता जीपीएस असताना त्या डबीकडं कोण बघतंय?"

"जीपीएस मरेल त्या दिवशी बघतील," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही खाली चहा पीत असाल. वर एकोणीस वर्षांचं पोरगं असेल, एकटं. कार्ड त्याला सांगेल सोलापूर इकडं आहे. ते विश्वास ठेवेल, कारण खाली माझी सही असेल. तुमच्याइतकं शहाणं नसतं ते."

मालकांना उन्हाचा आणि उशिराचा राग आला होता. त्यांनी बोट माझ्याकडं केलं. "वायरी कोण बांधती? ही. आठवी शिकल्याली बाई इमानाच्या वायरीत हात घालती, मग दुसरं काय व्हणार? उद्यापास्नं हिला बंद करा."

गणपती बसवताना टाळी देणारे कॅप्टन शेजारीच उभे होते. त्यांनी गॉगल पुसला.

मी काहीच बोलले नाही. हे लिहायला लाज वाटते, पण बोलले नाही. कारखाना तीन दिवसांवर आलेला, मुलींची शाळा, आणि पवनी इथून एवढी लांब की परत जायचं म्हटलं तरी कुणाकडं जायचं हा प्रश्न. मनात एकच होतं, कुणी त्या कापडाला हात लावू नये. आणि कुणी लावतही नव्हतं, कारण टाके बाहेरून दिसत नव्हते. ती माझीच हुशारी.

"बॅटरी धर, पवनी," अक्का म्हणाल्या.

बासष्ट वर्षांची बाई विमानाच्या सीटवर पाठ टेकून उलटी झाली आणि डोकं घड्याळांच्या खाली घातलं. मी वाकून उजेड धरला. तारेतून वीज गेली की तीही होकायंत्राला फसवू शकते. म्हणून जुडी सोडून एकेक तार तपासायची होती. अक्कांच्या हातात छोटी कात्री.

"ही गाठ चांगली आहे," त्या म्हणाल्या. कच्‌.

"हीपण." कच्‌.

मी बांधलेल्या गाठी. एकेक जागा मला आठवत होती, कुठली बांधताना बोट कापलं ते आठवत होतं.

"चांगली आहे तर कापता कायले जी?"

"संशय आलाय म्हणून. हे सगळे म्हणतात तुझ्या गाठींत खोट आहे. नाही म्हणायला मला उघडून बघावं लागेल ना? न बघता नाही म्हणायला मी काय कॅप्टन आहे?" कच्‌.

मालकांनी बोट दाखवलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. ते आता आलं. ही बाई उलटी पडून, घाम डोळ्यांत जात असताना, माझी बाजू खरी करायला माझ्याच गाठी कापत होती. आणि खोट कुठं आहे ते मला माहीत होतं.

"अक्का, थांबा जी. तारांत नाही. वर आहे. कापडात."

कात्री थांबली. "काय आहे कापडात?"

"चुंबक. मीच शिवलाय."

"कशाला?"

"गणपती घसरू नये म्हणून."

मग त्या सरकत बाहेर आल्या, उठून बसल्या, केस मागं सारले आणि माझ्याकडं बघितलं. कागदाकडं बघतात तसंच. कापडावरून हात फिरवला, एका जागी कात्री नेली, तर कात्री आपोआप खेचली जाऊन कापडाला चिकटली.

"पिच्ची," त्या तेलुगूत म्हणाल्या, म्हणजे वेडी. "पवनी, ह्या यंत्राला इथं बसायला आठ महिने लागले. दोनदा हाकलून दिलं त्याला. देवाला तू एका दुपारी बसवलंस. ना नकाशा, ना वजन, ना अर्ज." टाके उसवून चुंबक काढला, तळहातावर जोखला. "टाका मात्र बारीक घातलायस. मला दिसला नाही. मूर्ती बघूनसुद्धा तिच्या खाली बघितलं नाही मी. मोठी आली उलटी बाजू बघणारी." हे त्या स्वतःलाच म्हणाल्या, आणि त्यातही तीच तुच्छता होती. कमी-जास्त नाही.

चुंबक लांब ठेवून विमान पुन्हा फिरवलं. होकायंत्र शहाण्यासारखं वागलं. कॅप्टन खूश झाले. "सापडलं, संपलं. आता हे लिहायची काय गरज? नवीन कार्ड भरू, उद्या साहेब सही करतील."

"व्हय," मालक म्हणाले. "देवाचं नाव उगं कागदावर आणू नका. आन् ह्या बाईला आजपास्नं सुट्टी."

अक्कांनी नोंदवही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं. "होकायंत्रात दोष आढळला. कारण, समोरच्या कापडात शिवलेला चुंबक. मूर्ती बसवण्यासाठी, मंजुरीशिवाय. मूर्ती दिली, संस्थेचे मालक. बसवायला सांगितलं, कॅप्टन. शिवला, छाया लांजेवार. तपासणारीनं वेळेवर पाहिला नाही, ती येमूल. स्वतःहून सांगितला, छाया लांजेवार."

"माझं नाव कशाला त्यात?" मालक.

"मूर्ती माझ्या ट्रकातली होती का?"

"अक्का, लई होतंय हां."

"आणि हिला काढायचं असेल तर लेखी द्या. कारण लिहा, चूक स्वतःहून सांगितली म्हणून कमी केलं. खाली सही करा. मी फाईलला लावते. उद्या साहेबांना पहिलं पान तेच दाखवते."

कोरा कागद त्यांनी मालकांपुढं धरला. चिमटीत, कोपऱ्याला. मालकांनी तो घेतला नाही. पांढऱ्या बुटांवर धूळ उडाली होती, ती झटकली आणि किल्ल्यांचा जुडगा उचलून गेले. ट्रक, ऊस, मंगल कार्यालय चालवणारा तो माणूस चार शब्द लिहून खाली सही करायला घाबरला, आणि त्या भित्रेपणावर माझी नोकरी टिकली.

अंधार पडायच्या आत मी सगळ्या गाठी परत बांधल्या. अक्का शेजारी बसून शेंगाचटणी आणि भाकरी खात होत्या. मला अर्धी मोडून दिली. "रडून बांधू नकोस," म्हणाल्या, "दोरा भिजतो."

सकाळी साहेब आले. ती नोंद त्यांनी दोनदा वाचली. सही केली नाही. उलट बाकीची चारही विमानं तपासली. एकात लोखंडी तारेत ओवलेली लिंबू-मिरची निघाली, एकात सीटखाली नाल. हार तसाच टोपलीत सुकला. साहेबांनी सगळं काढून, सगळं पुन्हा तपासून कागद पाठवायला सांगितलं आणि जाताना अक्कांना म्हणाले, "हे न लिहितासुद्धा चाललं असतं की हो." अक्का म्हणाल्या, "म्हणूनच लिहिलं." तिसऱ्या विमानाची पक्की मंजुरी यायला पुढं दीड महिना लागला.

तो दीड महिना मालकांनी अक्कांच्या नावावर लावला. उन्हाळ्यात अक्कांचा करार संपला, पुढं वाढवला नाही. नवीन आलेले गृहस्थ गोड आहेत. कागद पुढं केला की न वाचता विचारतात, "सही कुठं करू?" अक्कांची आईही त्याच उन्हाळ्यात गेली. मग त्यांनी साखर पेठेतलं घर बंद केलं आणि करीमनगरला भावाकडं निघाल्या.

शेवटच्या दिवशी कचेरीत गेले तर त्यांनी लोखंडी कपाटाच्या दाराला तो चुंबक चिकटवला होता. "गणपती आण," म्हणाल्या. मी डब्यातून आणला. त्यांनी त्याच कपाटाच्या माथ्यावर ठेवला. खट्‌कन बसला. "इथं बसू दे. इथं मंजुरी लागत नाही."

मग मला एक कागद दिला. बाहेरून दहावीला बसायचा अर्ज, सतरा नंबरचा. नाव, गाव, सगळं त्यांच्या अक्षरात भरलेलं. सहीची जागा मोकळी.

"ह्या वयात कुठं जी?"

"त्या विमानाला तिसाव्या वर्षी नवीन यंत्र बसलं. तुझ्या डोक्यात चार पुस्तकं बसायला कुणाची मंजुरी पाहिजे? मालकांची?"

मी पाया पडायला वाकले तर त्या मागं सरकल्या. "उठ. माझ्या पायांत काय लिहिलंय? कागद वाच."

"तुमचे उपकार कसे फेडू जी?"

"सरे," त्या म्हणाल्या. म्हणजे बरं, ठीक. एवढंच. रिक्षात बसल्या आणि रिक्षावाल्याला सांगितलं की त्याचा आरसा वाकडा लागलाय.

दहावीच्या विज्ञानात एक धडा आहे. तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते. तो वाचताना मला कात्रीचा आवाज ऐकू येतो. गणितात अजून अडखळते, इंग्रजीत जास्तच. धाकटी मुलगी शिकवते आणि अक्कांसारखी चिडते.

अक्का, परीक्षा मार्चमध्ये आहे. पास झाले की कामाच्या यादीत माझं नाव मदतनिसांतून वर जाणार आहे, आणि मी बांधलेल्या तारांच्या कागदावर माझी सही लागणार आहे. त्यातला पहिला कागद घेऊन मी करीमनगरला येईन. तुम्ही तो शेपटीला धरा, चष्मा चढवा, नाक मुरडा आणि विचारा, हे कुणी प्रसवलं. मी उभी राहून सांगेन. बूट न बघता.